लाउडन की फेअरफॅक्स? घर ठरवण्याआधी काउंटीच्या शाळा कशा तपासायच्या

पर्वतीपायथा

ऑगस्टच्या आत पुण्याहून उत्तर व्हर्जिनियात यायचं आहे. ऑफिस हर्नडन मेट्रोजवळ, त्यामुळे फेअरफॅक्स आणि लाउडन दोन्ही काउंट्या आवाक्यात. मोठी मुलगी तिकडे सहावीत जाईल. धाकट्याला १२ ऑक्टोबरला पाच पूर्ण होतील. पहिलं वर्ष भाड्यानं राहू, पटलं तर विकत घेऊ. सध्या शाळांना १ ते १० आकडा देणाऱ्या ग्रेटस्कूल्स या संकेतस्थळावर ८ च्या वर असलेल्या शाळा धरून अपार्टमेंट शोधतोय, पण त्याच शाळेला नीश या दुसऱ्या संकेतस्थळावर भलतीच श्रेणी दिसते. नक्की काय बघायचं, कुठे बघायचं? खाजगी शाळेचा विचार नाही.

---

खडूफळा

तो १ ते १० चा आकडा बाजूला ठेवा. त्यात परीक्षेच्या निकालाचा वाटा मोठा आहे आणि निकाल बऱ्याच अंशी आईवडिलांच्या उत्पन्नाबरोबर वरखाली होतो. नीशच्या श्रेणीत पालक-विद्यार्थ्यांचे अभिप्रायही मिसळलेले असतात. म्हणून दोन्हींचं जुळत नाही, आणि जुळायची गरजही नाही.

मूळ आकडे राज्याच्या शिक्षण खात्याच्या ‘स्कूल क्वालिटी प्रोफाइल्स’ या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तिथे शाळेचं नाव टाका आणि एसओएल, म्हणजे राज्याच्या सरकारी परीक्षांचे निकाल उघडा. तिसरी ते आठवी वाचन आणि गणित दरवर्षी असतं, विज्ञान पाचवीत आणि आठवीत. गुण ० ते ६००, पास ४०० ला, ‘पास अ‍ॅडव्हान्स्ड’ ५०० ला, अशी आजवरची पद्धत. नुसती पासची टक्केवारी पाहून या भागात काही कळत नाही, चांगल्या वस्तीतल्या बहुतेक शाळा वरच्याच टोकाला दाटलेल्या. फरक दिसतो तो अ‍ॅडव्हान्स्डच्या टक्केवारीत. शिवाय व्हर्जिनियाची पासची रेघ ‘एनएईपी’ या राष्ट्रीय चाचणीशी ताडली तर देशात सर्वांत खालच्यांपैकी निघते. ती टप्प्याटप्प्यानं वर न्यायचा निर्णय २०२५ मध्ये झाला आहे. तेव्हा येत्या वर्षांत एखाद्या शाळेचा निकाल घसरलेला दिसला तर आधी संपूर्ण काउंटीचा निकाल किती घसरला ते बघा, मग शाळेला नावं ठेवा.

आता एक हमखास चकवा. इथे मूल ज्या पातळीचं गणित शिकतं त्या पातळीची परीक्षा देतं, इयत्तेची नाही. समजा एका मिडल स्कूलमध्ये आठवीत ४०० मुलं आहेत. त्यातली २५० अल्जिब्रा-१ किंवा जॉमेट्री घेतात आणि त्याच विषयांची परीक्षा देतात. ‘आठवी गणित’ या ओळीत उरली १५०, म्हणजे ज्यांना गणित जड जातं तीच बहुतेक. तिथे पास ६० टक्के दिसलं की पालक दचकतात. प्रत्यक्षात ती शाळा गणितात उत्तम असू शकते. त्यामुळे मिडल स्कूलचं गणित बघताना अल्जिब्रा-१ ला किती मुलं बसली ते आधी पाहा, टक्केवारी नंतर.

दुसरा चकवा फक्त फेअरफॅक्सचा. तिथे ‘एएपी’ नावाचा हुशार मुलांसाठीचा कार्यक्रम आहे. त्याच्या चौथ्या पातळीचे पूर्णवेळ वर्ग काही ठरावीक शाळांत, म्हणजे सेंटरांत, तिसरीपासून भरतात. आजूबाजूच्या शाळांतली निवडक मुलं तिथे जातात. सेंटरचा निकाल वर चढतो, शेजारच्या शाळेचा खाली येतो, आणि शिकवणं दोन्हीकडे तेच असतं. शाळेच्या पानावर ‘सेंटर’ लिहिलंय का ते बघितल्याशिवाय तुलना करू नका.

निकालाच्या खालीच आणखी तीन गोष्टी असतात, त्या कुणी उघडत नाही. एक, पूर्ण परवाना नसलेल्या, तात्पुरत्या परवान्यावरच्या शिक्षकांचं प्रमाण. दोन, वर्षाच्या १० टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण. तीन, उत्पन्न, वंश, भाषा अशा गटांनुसार वेगळे दिलेले निकाल. दोन शाळांची सरासरी भिडवण्याऐवजी दोन्हीकडच्या एकाच गटाचे आकडे भिडवा. आणि किमान तीन वर्षांचे. एका वर्षाच्या आकड्यावर घर ठरवणं म्हणजे एका घासावरून खानावळ लावणं.

---

नकाशावाला

वरचं सगळं बरोबर, पण क्रम उलटा करा. आधी पत्ता, मग शाळा.

पत्त्यातलं गावाचं नाव हे फक्त टपालाचं. ‘शँटिली’ नावाचा पत्ता दोन्ही काउंट्यांत आहे: पिनकोड २०१५१ फेअरफॅक्समध्ये, २०१५२ लाउडनमध्ये. साउथ रायडिंगची घरं शँटिलीच्या पत्त्याची, पण मुलं लाउडनच्या शाळेत. तसंच ‘फॉल्स चर्च’ पत्ता असलेली कितीतरी घरं फेअरफॅक्स काउंटीत मोडतात, आणि फॉल्स चर्च शहराच्या शाळा मात्र पूर्ण वेगळ्या. जाहिरातीत एजंट ‘टॉप रेटेड स्कूल्स’ लिहितो ते याच गोंधळावर.

तेव्हा झिलो या घरांच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावरच्या शाळांच्या नावांवर विसंबू नका. दोन्ही काउंट्यांच्या शाळाखात्यांच्या संकेतस्थळांवर पत्ता टाकून एलिमेंटरी, मिडल, हाय अशा तिन्ही शाळा दाखवणारी सोय आहे. घर क्रमांकासकट टाका. एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन शाळांत जातात असं सर्रास दिसतं. तिन्ही शाळा लिहून घ्या. हल्ली लोक एलिमेंटरीचा आकडा बघून घर घेतात आणि हायस्कूल कुठलं लागतं ते सातवीत कळतं.

मग या वर्षाची सीमा पुढेही राहील का ते बघायचं. त्यासाठी शाळाखात्याचा भांडवली कामांचा आराखडा, म्हणजे ‘सीआयपी’, उघडा. त्यात प्रत्येक शाळेची क्षमता, सध्याची पटसंख्या आणि पुढच्या काही वर्षांचा अंदाज असतो. वापर १०० टक्क्यांच्या बराच वर असेल तर मैदानात ट्रेलर वर्ग उभे आहेत किंवा सीमा हलणार आहे, बहुधा दोन्ही. ८० च्या बरंच खाली असेल तर तिथली मुलं वाढवायला शेजारचा भाग जोडला जाऊ शकतो. लाउडनमध्ये नवी शाळा उघडली की आजूबाजूच्या सीमा हलतातच. फेअरफॅक्सनं २०२४ मध्ये काउंटीभर सीमांचा फेरआढावा सुरू केला, आणि २०२५ मध्ये हर्नडनजवळची एक खाजगी शाळेची इमारत विकत घेतली ती पश्चिम भागाला नवं हायस्कूल द्यायला. तुमचं ऑफिस नेमकं त्याच पट्ट्यात आहे. म्हणून त्या बाजूला विकत घ्यायची घाई नको, भाड्याचं वर्ष वापरून घ्या. शाळा बोर्डाच्या सभांच्या विषयपत्रिका जाहीर असतात, त्यांत ‘बाउंडरी’ शब्द शोधा.

रचनेतला फरकही तुमच्या मुलीसाठी महत्त्वाचा. फेअरफॅक्सच्या बहुतेक एलिमेंटरी सहावीपर्यंत, मिडल फक्त सातवी-आठवी. लाउडनमध्ये एलिमेंटरी पाचवीपर्यंत, मिडल सहावी ते आठवी. म्हणजे लाउडनमध्ये ती सगळ्यांबरोबरच नव्या शाळेत जाईल. फेअरफॅक्समध्ये वर्षानुवर्षं एकत्र असलेल्या वर्गात एका वर्षासाठी बसेल आणि मग परत शाळा बदलेल. माझं मत लाउडनच्या बाजूनं, पण प्रवास मोजा. वेळापत्रक पण मोजा: लाउडनची हायस्कुलं साडेनऊच्या सुमारास भरतात आणि चार वाजून गेल्यावर सुटतात. फेअरफॅक्सची मिडल स्कुलं सकाळी साडेसातलाच.

करांचंही सांगून ठेवतो. घरपट्टीचा दर लाउडनमध्ये घराच्या किमतीच्या दर १०० डॉलरला ८०–९० सेंटच्या घरात, फेअरफॅक्समध्ये १ डॉलर १० सेंटच्या वर. लाउडनला डेटा सेंटरांचा कर मिळतो म्हणून हे जमतं. गाडीवरही दरवर्षी कर असतो, तो दोन्हीकडे.

---

पर्वतीपायथा

फारच उपयोगी. दोन शंका. निवडून प्रवेश देणाऱ्या थॉमस जेफरसन (टीजे) या विज्ञान हायस्कूलचं नाव सगळेच घेतात, त्यासाठी फेअरफॅक्समध्येच राहावं लागतं का? आणि धाकट्याचं काय, १२ दिवसांसाठी अडेल का?

---

गणिताचीवही

धाकटा अडेल. व्हर्जिनियात किंडरगार्टनसाठी ३० सप्टेंबरपर्यंत पाच पूर्ण हवेत. खाजगी किंडरगार्टन करून पुढच्या वर्षी थेट पहिलीत बसवू, हा बेत आखू नका, पहिलीला वयाचीच अट आडवी येते. एका वर्षाचं प्रीस्कूल खर्चात धरा. तो खर्च भाड्यातल्या फरकापेक्षा मोठा असतो.

टीजे फेअरफॅक्स चालवतं, पण प्रवेश लाउडन, प्रिन्स विल्यम, आर्लिंग्टन, फॉल्स चर्च इथल्या मुलांनाही. २०२० मध्ये प्रवेश परीक्षा रद्द झाली. आता सुमारे ५५० जागा, त्यात प्रत्येक सरकारी मिडल स्कूलच्या आठवीतल्या पटाच्या दीड टक्का जागा त्या शाळेला राखीव, उरलेल्या सामायिक. या पद्धतीवरचा खटला सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये ऐकायला नकार दिला, म्हणजे सध्या हीच पद्धत. गणित करून बघा: ५०० च्या पटाला राखीव जागा ७–८. ज्या मिडल स्कूलमधून शंभर जण अर्ज करतात तिथे त्याच ७–८ साठी चुरस. ‘टीजेसाठी’ म्हणून सर्वांत नावाजलेल्या मिडल स्कूलजवळ घर घेणं उलटही पडू शकतं. अर्ज आठवीत, त्या वर्षी किमान अल्जिब्रा-१ चालू हवं आणि श्रेणींची सरासरी (जीपीए) ३.५.

लाउडनचं स्वतःचं ‘अ‍ॅकॅडमीज ऑफ लाउडन’ लीझबर्गला २०१८ पासून आहे, विज्ञान, अभियांत्रिकी आणि तांत्रिक असे तीन भाग. ते आधी वाचा.

तुमच्या मुलीसाठी खरा प्रश्न सहावीतल्या गणिताचा. सातवीत अल्जिब्रा-१ मिळणार की आठवीत, हे सहावीतल्या चाचणीवर आणि एसओएलच्या गुणांवर ठरतं. उशिरा येणाऱ्या मुलाला मागच्या वर्षाचे एसओएल गुण नसतात, म्हणून शाळा सावधपणे खालच्या वर्गात बसवते. पुण्याच्या शाळेचं प्रगतिपुस्तक त्यांना फारसं काही सांगत नाही. गणिताच्या पुस्तकाची अनुक्रमणिका आणि घटक चाचण्यांचे कागद आणा. शाळेच्या समुपदेशकाला पहिल्याच आठवड्यात ईमेल करून प्लेसमेंट चाचणी मागा. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

पण घाईनं वरच्या वर्गात बसवायचंही एक टोक आहे. मिडल स्कूलमध्ये घेतलेला अल्जिब्रा-१ हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, लागतो. बी आला तर तो जीपीएत राहतो. तो वगळावा असा लेखी अर्ज पालक करू शकतात, त्याची मुदत असते.

---

खडूफळा

टीजेच्या चर्चेत सहावीतल्या मुलीचं घर ठरवू नका, एवढंच म्हणेन. दीड टक्क्यासाठी साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांचं हायस्कूल न बघणं हा इथला जुना रोग. नेमून दिलेल्या हायस्कूलचा विषयांचा कॅटलॉग डाउनलोड करा. फेअरफॅक्समध्ये काही शाळा एपीऐवजी (कॉलेजच्या पातळीचे सुटे विषय) आयबी (एकत्रित आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) शिकवतात, रेस्टनचं साउथ लेक्स त्यांतलंच. आयबी वाईट नाही, पण ज्याला गणित-भौतिकशास्त्राचे सुटे सुटे एपी घ्यायचेत त्याला आधी कळलेलं बरं. कार्यक्रमासाठी दुसऱ्या शाळेत बदली मागता येते, मात्र बसची जबाबदारी सहसा तुमची.

---

लसपुस्तिका

कागदपत्रांवर कुणीच बोललं नाही, आणि प्रवेश अडतो तो तिथेच.

राहण्याचा पुरावा म्हणून सहीचा भाडेकरार लागतो. हॉटेल किंवा महिन्याचं एअरबीएनबी चालेलच असं नाही, नातेवाइकांकडे राहत असाल तर त्यांचं शपथपत्रही लागतं. व्हिसा कुठला, हे शाळा विचारत नाही. मुलांचे मूळ जन्मदाखले, इंग्रजीत. एलिमेंटरीत पहिल्यांदा येणाऱ्यांना राज्याचा आरोग्य फॉर्म लागतो, तपासणी गेल्या १२ महिन्यांतली.

लसींत भारतीय मुलांचं नेमकं हे अडतं:

गोवराची नवव्या महिन्यातली लस धरत नाहीत. पहिल्या वाढदिवसानंतरचे एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस हवेत, आणि सरकारी एमआरमध्ये गालगुंड नसतं. पोलिओचे थेंब १ एप्रिल २०१६ पासून दिलेले इथे मोजत नाहीत, इंजेक्शनची आयपीव्हीच मोजतात. कांजिण्यांचे दोन डोस हवेत, आपल्याकडे पुष्कळदा एकच झालेला असतो. मुलीला सातवीच्या आधी टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला), मेनिंजायटिस आणि एचपीव्हीही लागतील.

पुण्यातच बालरोगतज्ज्ञांकडून उरलेले डोस घ्या आणि एका लेटरहेडवर सगळी यादी टाइप करून सही-शिक्का घ्या. महिना अक्षरात लिहायला सांगा. ०५/०८ ला इथली नर्स ८ मे वाचते, आपण ५ ऑगस्ट, आणि दोन डोसांमधलं अंतर कमी भरलं म्हणून एक डोस बाद होतो. एमएमआर आणि कांजिण्या एकाच दिवशी द्या किंवा मध्ये २८ दिवस ठेवा.

क्षयरोगाची तपासणीही मागतात. बीसीजीमुळे त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्ताची आयजीआरए करायला सांगा. ती एमएमआरच्याच दिवशी किंवा मग चार आठवड्यांनी.

नोंदणीच्या फॉर्मवर घरातली भाषा विचारतात. मराठी लिहिलंत तर मुलीची इंग्रजीची चाचणी होईल. ‘इंग्रजी’ लिहून ती टाळणारे पालक आहेत, तसं करू नका. इंग्रजी माध्यमातली मुलं बहुधा सहज पार पडतात. नाही पडली तर जादा मदत मिळते, ती घ्यायची नसेल तर नाकारता येते, फक्त वार्षिक चाचणी चालू राहते.

मुलाला शिकण्यात काही अडचण असेल तर मूल्यमापनाची विनंती लेखी द्या. व्हर्जिनियात त्यासाठी ६५ कामाच्या दिवसांची मुदत आहे. भारतातला अहवाल सोबत जोडा, पण तेवढ्यावर आयईपी, म्हणजे मुलासाठीचा खास शिक्षण आराखडा, मिळत नाही.

जुलैच्या शेवटी नोंदणी कार्यालयांत आणि बालरोगतज्ज्ञांकडे तोबा गर्दी असते. करारावर सही झाली की त्याच दिवशी ऑनलाइन नोंदणी सुरू करा. लसींचे कागद मागाहून जोडता येतात.