मदत हवी आहे: आमटी-भात भरवणारा यंत्रहात कुणी वापरलाय का?

नमस्कार मंडळी,

माझ्या मोठ्या भावाला मानेच्या मणक्याची इजा आहे, सी-४ पातळीची. मान हलते, खांदे थोडे उडवता येतात, हात अजिबात हलत नाहीत. व्हीलचेअर तो हनुवटीच्या जॉयस्टिकवर चालवतो, फोन आवाजावर. अडतं ते जेवणापाशी. वहिनी त्याला भरवते आणि मागून स्वतः गार जेवते. हे दादाला इतकं लागतं की पोट भरलेलं नसतानाही तो "बास" म्हणून मोकळा होतो.

म्हणून भरवणाऱ्या रोबोंबद्दल शोधायला लागलो. विषय जुनाच निघाला. इंग्लंडच्या कील विद्यापीठात १९८७ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका मुलासाठी 'हँडी १' बनला होता. सध्या जास्त वाचलं ते सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या 'एडा'बद्दल. व्हीलचेअरला बसवलेला किनोव्हा कंपनीचा यंत्रहात, त्यात काटा, आणि ताट व तोंड बघायला कॅमेरा. माणसं कशी भरवतात हे त्यांनी आधी बारकाईने मोजलं. केळ्याचा काप सरळ टोचला की निसटतो, म्हणून काटा तिरका. कडक गाजरात तो हलवत हलवत रुतवायचा. लांब तुकडा एका टोकाशी टोचायचा, म्हणजे दुसरं टोक आधी तोंडात जातं.

सगळं खरं, पण आमच्याकडे टोचण्यासारखं असतं काय? दादाला लागतो कालवलेला आमटी-भात. वहिनी चमचा वाटीच्या काठाला निपटते, दादाने हनुवटी जराशी पुढे केली की घास देते. हनुवटी आत असली तर थांबते, कारण आधीचा घास अजून गिळायचा असतो. एवढी खूण यंत्राला कळेल का?

एडाचा कोड खुला आहे, तेव्हा इथल्या इंजिनिअरिंगच्या पोरांकडून काही करून घ्यावं असंही डोक्यात आहे. धास्ती एकच: सबमिशन झालं की पोरं नोकरीला आणि यंत्र माळ्यावर. त्यामुळे विद्यापीठातल्या एखाद्या प्रयोगशाळेशी नीट जोडून काम केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. घरात असं यंत्र वापरणारं कुणी असेल तर उत्तमच.

प्रतिसाद:
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. यंत्राच्या आधी भावाचं गिळणं तपासून घ्या. मानेची शस्त्रक्रिया झाली असेल तर नक्कीच. जेवताना ठसका लागतो का? 'ओबी' नावाचं तयार यंत्र आहे, चार खणांची थाळी आणि चमचा. एका बटणाने खण निवडायचा, दुसऱ्याने घास मागायचा. बटणं डोक्यानेही दाबता येतात. म्हणजे तुमच्या खुणेचं काम बटण करेल. मात्र चमचा ठरलेल्या जागी येऊन थांबतो, घास माणसाने पुढे होऊन घ्यायचा. मान पुढे येत नाही अशांसाठी घास थेट तोंडात देण्यावर अमेरिकेतच कॉर्नेल विद्यापीठात काम चालू आहे. पातळ आमटी सध्या विसरा, दहीभात किंवा मऊ खिचडीपासून सुरुवात करा. मुंबईत असाल तर हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत विचारून बघा.

धागाकर्ता:
धन्यवाद ताई. ठसका पाणी पिताना लागतो, जेवताना क्वचित. मान चार बोटं तरी पुढे येते. आम्ही नाशिकला असतो. गिळण्याची तपासणी इथे कुठे होते, कुणाला माहीत आहे का?