सोळा तासांचे विमान, दोन वर्षांचे मूल: मोबाइल द्यावा की देऊ नये?

निळी शाई

गेल्या महिन्यात मी आणि माझा नवरा आमच्या बावीस महिन्यांच्या मुलीला घेऊन मुंबईहून न्यूअर्कला थेट विमानाने आलो. विमान रात्री दीड वाजता सुटले, दारे बंद झाल्यापासून उघडेपर्यंत सोळा तास गेले, आणि एवढ्या वेळात आम्ही मुलीला मोबाइल दाखवला नाही की समोरच्या आसनाच्या पाठीवरचा पडदाही लावून दिला नाही. तसे घरूनच ठरवून निघालो होतो. हे मी मैत्रिणींना सांगितले तेव्हा एकीने सरळ सुनावले की हट्ट आमचा आणि झळ मात्र शेजारच्या प्रवाशांना बसली असणार. मला ते पटलेले नाही, म्हणून माझी बाजू मांडते. विरोधी मतेही अवश्य यावीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन वर्षांनंतरही दिवसाला एक तासाच्या वर जाऊ नये. पण माझा मुद्दा केवळ या सूचनांचा नाही. इतक्या लांबच्या प्रवासात मोबाइल मुळात सोयीचाच नाही, असे माझे मत आहे. आमची मुलगी आजीकडे मोबाइलवरची गाणी पाहते तेव्हा वीस-पंचवीस मिनिटांत कंटाळते, आणि त्यानंतर तिला चित्रांचे पुस्तक नको असते, खेळणे नको असते, खिडकीही नको असते. पानात आधी श्रीखंड वाढले की वरणभाताला कोण विचारतो? सोळा तासांतल्या दुसऱ्याच तासाला श्रीखंड वाढून टाकले, तर उरलेले चौदा तास काढायचे कशावर?

खरी कसोटी सहा तासांनंतर लागली. मुलगी सुरुवातीला गाढ झोपली आणि साडेसातला, म्हणजे घरच्या नेहमीच्या वेळेला, टक्क जागी झाली. तिची सकाळ झाली होती आणि विमानात मात्र खिडक्या बंद, दिवे मालवलेले, अडीच-तीनशे माणसे पांघरुणात. त्या अंधारात वाचनाच्या एका दिव्याखाली आम्ही टिकल्यांचे पाकीट उघडले. नखाने टिकली सोडवायची, ती बोटाला चिकटते म्हणून बोट झटकायचे, मग बाबाच्या कपाळावर लावायची, लगेच काढायची, गुडघ्यावर लावायची, पुन्हा शोधायची, असे तिचे चालले होते. पाण्याचे पेले घेऊन आलेल्या कर्मचारी बाईंच्या बाहीवर तिने एक मरून टिकली लावून दिली आणि त्या ती तशीच मिरवत पुढे गेल्या. पन्नास मिनिटे सरली आणि आवाज शून्य. त्यानंतर झाकणांचे चार डबे एकात एक, सुती नाडीत ओवायला मोठे लाकडी मणी, रिकाम्या डब्यात एकेक करून टाकायचे मखाणे, आणि दर तासाला मधल्या वाटेने मागच्या स्वयंपाकघरापर्यंत एक फेरी. यात विशेष हुशारी लागत नाही; मोठ्या माणसाचे दोन हात मोकळे असावे लागतात.

परतीचा पाऊस

आपले कौतुक आहेच, पण आपले शेवटचे वाक्य आपल्याच विरोधात जाते. मोठ्या माणसाचे दोन हात मोकळे असावे लागतात, आणि आपल्याकडे असे चार हात होते. माझी पत्नी दर वर्षी आमच्या मुलाला घेऊन एकटी भारतात जाते, कारण मला एवढी सलग रजा मिळत नाही. जेवणाचे ताट समोरच्या फळीवर आले की तिला उठता येत नाही, वाकता येत नाही आणि खाली पडलेला मणीही उचलता येत नाही. एका हाताने मुलाला धरायचे, दुसऱ्या हाताने गरम डब्याचे वेष्टन सोलायचे, आणि तेवढ्यात मुलाने चहाच्या पेल्याकडे झेप घ्यायची, अशी ती वेळ असते. अशा वेळी दहा मिनिटांची चित्रफीत लावली म्हणजे पालकत्वात कसूर झाली, असे मानायला मी तयार नाही.

सूचनांचा अर्थही नीट लावायला हवा. त्या रोजच्या सवयीविषयी आहेत. रोज दोन तास मोबाइल पाहणारे मूल आणि वर्षातून दोनदा विमानात दोन तास पाहणारे मूल यांना एकाच मापाने मोजणे म्हणजे दिवाळीत चार लाडू खाणाऱ्याला मधुमेहाची भीती घालण्यासारखे आहे.

आणि सोळा तास आपण कुठे संपवले आहेत? विमान उतरल्यानंतर पासपोर्ट तपासणीची रांग असते. मुलाच्या शरीराच्या घड्याळात तेव्हा संध्याकाळचे पाच-सहा वाजलेले असतात, बाहेर मात्र सकाळ उजाडलेली असते. मूल थकलेले, भुकेलेले आणि बाबागाडी अजून ताब्यात न मिळालेली. त्या रांगेत टिकल्या चालत नाहीत. तिथे आमच्या घरात मोबाइल ब्रह्मास्त्रासारखा निघतो, आणि त्याबद्दल आम्हाला जराही खंत वाटत नाही.

खिडकीची जागा

मला मूलबाळ नाही, पण कामानिमित्त वर्षातून तीन-चार वेळा असा प्रवास घडतो, म्हणून ज्यांच्या त्रासाचा उल्लेख झाला त्या शेजाऱ्यांच्या वतीने लिहितो. आपण मुलाला काय दाखवता याच्याशी मला काहीही कर्तव्य नाही. रडणाऱ्या मुलाविषयीही माझी तक्रार नाही. विमान खाली येताना त्याचे कान दुखतात आणि ते सांगायला त्याच्याकडे दुसरी भाषा नसते, एवढे मला कळते. माझी तक्रार दोन गोष्टींची आहे. पहिली म्हणजे हेडफोनशिवाय चालणारी बालगीते. दोन वर्षांचे मूल हेडफोन डोक्यावर ठेवत नाही, ते काढून चावते, मग पालक आवाज ‘थोडासाच’ ठेवतात, आणि तेच चाळीस सेकंदांचे गाणे मी ग्रीनलंडच्या टोकापर्यंत ऐकत जातो. दुसरी गोष्ट म्हणजे समोरच्या आसनावरचा तो पडदा. मूल तो बोटाने दाबत नाही, तळहाताने थोपटते, आणि त्याच्या पलीकडे माझे डोके असते.

म्हणजे या मुद्द्यावर मी निळी शाई यांच्या बाजूने आहे, पण त्यांच्या तत्त्वांसाठी नव्हे. टिकल्यांना आवाज नसतो, एवढेच.

डोंबिवलीचे आजोबा

आम्ही आमच्या मुलांना घेऊन कोळशाच्या इंजिनाच्या गाडीने दोन-दोन दिवसांचे प्रवास केले आहेत आणि तेव्हा मोबाइल नव्हता, हे सांगण्याचा मोह होतो, पण गाडीत दर स्थानकावर उतरता येत असे हेही खरे आहे. विमानात मूल कोंडले जाते. माझा नातू सव्वा वर्षाचा असताना मी आणि सौ. त्याच्याबरोबर विमानाने गेलो होतो. माझे निरीक्षण असे की मुलाला खेळण्यांपेक्षा माणसे अधिक पुरतात. त्याने पाच तास पाच प्रवाशांच्या मांडीवर काढले, त्यांतल्या दोघांशी आमचा अजूनही पत्रव्यवहार आहे.

एक शंका मात्र विचारतो. आमच्या ओळखीतील एका कुटुंबाने निघण्यापूर्वी मुलाला सर्दीचे गुंगी आणणारे औषध दिले आणि ते आठ तास शांत झोपले. एका वेळेपुरते दिले तर त्यात वावगे काय? निदान मोबाइलपेक्षा तरी ते बरे नव्हे का?

गोदाकाठ

आजोबा, आपला आदर ठेवून पण अगदी ठामपणे सांगते, हे करू नये आणि कोणाला सुचवूही नये. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि सुट्ट्या जवळ आल्या की हा प्रश्न मला दवाखान्यात हमखास विचारला जातो. प्रवासात झोप यावी म्हणून जी ॲलर्जीविरोधी औषधे दिली जातात, त्यांतल्या प्रोमेथाझीनने लहान मुलांचा श्वास मंदावू शकतो. दोन वर्षांखालील मुलांना ते देऊच नये असा ठळक इशारा अमेरिकेत त्या औषधाच्या माहितीपत्रकावर छापलेला असतो. शिवाय विमानातील हवेचा दाब समुद्रसपाटीइतका नसतो. तो साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या दाबाएवढा असतो, म्हणजे मूल तेवढा वेळ जणू सिमल्याला झोपलेले असते आणि त्याला मिळणारा प्राणवायू थोडा कमीच असतो. त्यात श्वास मंदावणारे औषध घालायचे? आणि काही मुलांत या औषधांचा परिणाम नेमका उलटा होतो, मूल झोपण्याऐवजी सैरभैर होऊन किंचाळत राहते. ते तर विमानात कोणालाच नको असते. मोबाइल आणि हे औषध यांतून निवडायची वेळ आली, तर मी डोळे मिटून मोबाइल देईन.

आता निळी शाई यांना एक प्रश्न. मुलगी बावीस महिन्यांची होती. तिच्यासाठी वेगळे आसन घेतले होते की मांडीवरचे तिकीट होते? कारण या चर्चेत सगळे मोबाइलवर भांडत आहेत, आणि माझ्या मते सोळा तासांचा निकाल मोबाइलवर नाही, त्या एका आसनावर लागतो. दोन वर्षांखालील मुलाचे मांडीवरचे तिकीट आंतरराष्ट्रीय प्रवासात साधारण दहा टक्क्यांत मिळते, म्हणून बहुतेक जण तेच घेतात. समोरच्या भिंतीला अडकवायचा पाळणा या वयाच्या मुलाला वजनाने आणि उंचीने पुरत नाही, आणि पट्टे बांधण्याचा दिवा लागला की झोपलेल्या मुलालाही त्यातून उचलावे लागते. अकरा-बारा किलोचे मूल सोळा तास मांडीवर घेतलेल्या माणसाचे हात मोकळे कसे राहणार? आणि सुरक्षिततेचे वेगळेच. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा सल्ला स्पष्ट आहे, की मुलाची सर्वांत सुरक्षित जागा मांडी नव्हे, तर स्वतःच्या आसनावर बांधलेली मान्यताप्राप्त बालखुर्ची. अचानक मोठा गचका बसला तर मिठीच्या बळावर मूल धरून ठेवता येत नाही.

निळी शाई

डॉक्टर, आपण नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले. तिकीट मांडीवरचेच होते. मात्र आमच्या रांगेतले तिसरे आसन रिकामे राहिले, आणि मुलगी बहुतेक वेळ तिथेच बसली, तिथेच आडवी झाली. हे मी आधी लिहायला हवे होते. आठवण नव्हती असे नाही, त्याला महत्त्व आहे असे वाटले नव्हते. विमान भरलेले असते तर टिकल्यांची ती पन्नास मिनिटे कशी गेली असती, याचा विचार आता करते आहे.

परतीचा पाऊस

म्हणजे चार हात आणि एक फुकटचे आसन! हे भांडवल पाठीशी असताना मीही मोबाइलविरोधी झालो असतो.

थोडे गंभीरपणे सांगायचे तर डॉक्टरांचा मुद्दा मला पटतो, पण खर्चाचे काय? सुट्टीच्या दिवसांत एक जादा आसन म्हणजे कित्येक घरांत महिन्याचे घरभाडे. आम्ही त्यावर वेगळा तोडगा काढला आहे. थेट विमान न घेता आम्ही लंडनला किंवा फ्रँकफर्टला तीन-चार तासांचा थांबा घेतो, मूल तिथल्या लांब मार्गिकांतून मनसोक्त पळते आणि दुसऱ्या विमानात बसल्या बसल्या झोपते. आपण ज्याला मूल ‘गुंतवून ठेवणे’ म्हणतो, ते खरे म्हणजे त्याचे पाय बांधून ठेवणे आहे. दोन वर्षांच्या मुलाला करमणुकीपेक्षा पळायला जागा हवी असते.

खिडकीची जागा

थांब्याला माझा पाठिंबा आहे, फक्त त्या थांब्यावर सामान, सुरक्षा तपासणी आणि झोपेतून उठवलेले मूल हे सारे एकट्या आईने कसे सांभाळायचे, हेही आपल्या पत्नीला एकदा विचारून पाहा.

डोंबिवलीचे आजोबा

औषधाचा शब्द मी मागे घेतो. डॉक्टरांचे आभार. विमान उतरू लागले की झोपलेल्या मुलाला उठवावे की झोपू द्यावे, एवढे मात्र सांगावे. आमच्या घरात यावर दोन पक्ष आहेत.

गोदाकाठ

हळूच उठवावे आणि घोट घोट पाणी किंवा दूध द्यावे. झोपेत मूल कमी वेळा गिळते, आणि कानातला दाब गिळण्यानेच सुटतो. उतरायला सुरुवात साधारण शेवटच्या अर्ध्या तासात होते, म्हणजे चाके टेकण्याच्या बेताला जाग आणून उपयोग नाही.

निळी शाई

आम्ही हिवाळ्यात परत भारतात जाऊ तेव्हा मुलगी दोन वर्षांची झालेली असेल, त्यामुळे आसन घ्यावेच लागेल आणि निदान तो प्रश्न सुटेल. पुढच्या खेपेला नवरा बरोबर नसण्याचीही शक्यता आहे. तेव्हा जेवणाच्या ताटाची वेळ आणि पासपोर्टची रांग यांसाठी मोबाइलमध्ये आजीने सांगितलेल्या दोन गोष्टींचे चित्रण भरून ठेवीन, दहा-दहा मिनिटांचे. त्याहून अधिक नाही, आणि पहिल्या सहा तासांत तर मुळीच नाही. याला माघार म्हणावे की तडजोड, ते परतीचा पाऊस यांनी ठरवावे.

परतीचा पाऊस

माघार म्हणतो. टिकल्या कोणत्या घ्यायच्या तेवढे मात्र सांगा, पत्नी पुढच्या आठवड्यात निघते आहे.

निळी शाई

मोठ्या, साध्या मखमली, गडद रंगाच्या. खड्यांच्या नकोत, खडा सुटला की तोंडात जातो. आणि पाकिटे निदान चार घ्या; आमचे दुसरे पाकीट बाबाच्या दाढीत संपले.