उकळून विष जात नाही
दूध नीट उकळलं की बुरशीच्या विषाची भीती नाही, हे म्हणणं मला पटत नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण अफ्लाटॉक्सिन एम१ हे दुधात सापडणारं बुरशीचं विष बहुतांशी तसंच राहतं. मुळात ते येतं चाऱ्यातून: बुरशी लागलेली पेंड किंवा मका गाईने खाल्ला की त्यातल्या अफ्लाटॉक्सिन बी१ या विषाचं तिच्या यकृतात एम१ होतं आणि दुधात उतरतं. दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटत असल्याने चीजमध्ये त्याचं प्रमाण दुधापेक्षा जास्त होतं.

दुधातल्या एम१ची मर्यादा कोडेक्सची (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपीय संघाची ०.०५. पण खरा प्रश्न कोण किती दूध पितं हा आहे. लहान मुलांचं वजन कमी, आहार दुधाचा. काळजी त्यांचीच वाटते. पण म्हणून दूध बंद करू नका, कृपया! बाधित चारा थांबवला की काही दिवसांतच दुधातलं प्रमाण उतरतं.