बाबांच्या उशाशी टच स्विच: सागवानी फळीमागून बोट कळतच नाही

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)
मार्चमध्ये बाबांची उजवी बाजू गेली. डाव्या हाताची बोटं संधिवातानं आधीच आखडलेली, बटण दाबण्याइतका जोर त्यांत नाही. रात्री दिवा लावायचा तर आईला हाक मारावी लागते, आणि ते त्यांना फार लागतं. म्हणून पलंगालाच टच स्विच करतोय. टीटीपी२२३ (स्पर्श ओळखणारी चिप) चं तयार मोड्यूल, मॉस्फेटवरून (इलेक्ट्रॉनिक स्विच) पाच व्होल्टचा एलईडी दिवा, पुरवठ्याला मोबाइलचा चार्जर. उशाकडची फळी ८ मिमी सागवानी. तिच्यामागे मोड्यूल चिकटवलं तर ढिम्म. ३ मिमी ॲक्रिलिकमागे चालतं, पण रात्रीतून दोन-तीनदा दिवा आपोआप लागतो आणि बाबा दचकून उठतात. मागे तांब्याची पट्टी मोठी लावू, की ॲल्युमिनियम फॉइल?

सोल्डरवाला (इचलकरंजी)
मी इंडक्शन शेगड्या दुरुस्त करतो. शेगडीचं टच पॅनल उघडलंत तर काचेखाली प्रत्येक बटणापाशी एक बारकी स्प्रिंग उभी दिसेल. गिऱ्हाइकांना वाटतं, बोटानं ती दाबली जाते. तसं नाही, ती नुसती काचेला खालून टेकून राहायला हवी. स्प्रिंग ही कपॅसिटरची (विद्युतभार साठवणारा भाग) एक प्लेट, तुमचं बोट दुसरी, मधे काच. बोट आलं की त्याच्या साठवणक्षमतेत पिकोफॅरडभर (फार बारीक एकक), कधी त्याहूनही कमी फरक पडतो आणि आयसी, म्हणजे आतली चिप, तेवढाच पकडते. स्प्रिंग गंजून काचेपासून सुटली की ते बटण मेलं. कितीतरी शेगड्यांत दोष एवढाच निघतो.

आता तुमची फळी. मधल्या पदार्थातून बोटाचा परिणाम किती पोचतो ते त्याच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर ठरतं: हवेचा १, कोरड्या लाकडाचा २ च्या आसपास, ॲक्रिलिकचा ३, काचेचा ७. जाडी भागिले हा आकडा करून बघा, उत्तर जितकं लहान तितकं बोट चांगलं कळतं. ८ मिमी सागवान म्हणजे ४, आणि ४ मिमी काच म्हणजे जेमतेम ०.६. सातपट फरक आहे हा. शिवाय लाकूड पावसाळ्यात ओल धरतं, पाण्याचा स्थिरांक ८० च्या घरात, त्यामुळे आज जमलेलं उद्या बिघडतं. लाकूड सोडा. फळीला खिडकी पाडून ४ मिमी काच बसवा, कडा घासून घ्या.

काचेमागे तांब्याची चिकटपट्टी, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी लहान. ॲल्युमिनियमवर साधं सोल्डर बसत नाही, ते नको. पट्टी काचेला सपाट चिकटली पाहिजे, खाली बुडबुडा नको. एक मिलिमीटर हवा राहिली तर सात मिलिमीटर काच वाढवल्यासारखं होतं. पट्टीपासून मोड्यूलपर्यंतची वायर बोटभरच ठेवा. (आरपार दिसायला हवं तिथे इंडियम-टिन ऑक्साइडचा थर देतात, मोबाइलच्या काचेवर असतो तसा. तुम्हाला त्याची गरज नाही.)

आपोआप लागण्याबद्दल माझा संशय चार्जरवर आहे. स्वस्त दोन पिनी चार्जरचं आउटपुट तरंगतं, म्हणजे अर्थिंगला जोडलेलं नसतं, त्यावरचा गोंगाट आयसीला बोटासारखा वाटतो. एक रात्र तीन पेन्सिल सेलवर चालवा. पॉवरबँक लावू नका, लोड नसला की ती बंद पडते. सेलवर शांत राहिलं तर अर्थिंग खरोखर जोडलेला तीन पिनी ॲडॅप्टर घ्या. तरीही त्रास झाला तर मोड्यूलवर सेन्सिटिव्हिटीच्या कपॅसिटरला मोकळी जागा असते, तिथे ५० पीएफपर्यंत (पिकोफॅरड) लावता येतो. जितका मोठा लावाल तितकी संवेदना कमी.

आणि मोड्यूलवरचा बी पॅड (बी लिहिलेली उघडी जोड-जागा) सोल्डरनं जोडा, म्हणजे एकदा शिवलं की चालू, पुन्हा शिवलं की बंद. बाबांना बोट धरून ठेवावं लागता कामा नये.

सांजवात (नाशिक)
माझ्या आईला कमी दिसायचं. गुळगुळीत काचेवर बटण नेमकं कुठे, हे तिला अंधारात सापडेना. मी बरोबर त्या जागेवर मखमली टिकली लावली. बोट काचेवरून सरकत आलं की टिकली लागते. धातूची किंवा खड्याची लावू नका. महिन्याभरात निघते, पाकीट जवळ ठेवा.

वाशिष्ठीकाठ
सेलवर रात्रभर एकदाही लागला नाही! चार्जरच होता. काच बसवली, ॲडॅप्टर बदलला, टिकली आईनं तिच्या पाकिटातली दिली. पहिल्यांदा पट्टीखाली बुडबुडा राहिला होता, बोट जोरात टेकवलं तरच घ्यायचं. पट्टी काढून पुन्हा लावली तर आखडलेल्या बोटाच्या नुसत्या पेरानं लागतो. काल रात्री अडीचला बाबांनी दिवा लावला, पाणी प्यायले, बंद केला. आईला सकाळी कळलं. आता पंख्याचं करायचं आहे. मोड्यूलनंतर रिले (छोट्या व्होल्टेजनं मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच) लावला की झालं ना?

सोल्डरवाला
वाचून फार बरं वाटलं. रिले चालेल, पण तो भिंतीतल्या बोर्डाच्या डब्यातच बसवा आणि ते काम वायरमनकडून करून घ्या. पलंगापर्यंत फक्त पाच व्होल्टच्या तारा आल्या पाहिजेत. काच कधी फुटली तर बाबांचा हात २३० व्होल्टवर पडता कामा नये. आणि लाइट जाऊन आली की पहिला अर्धा सेकंद काचेवर हात नको, तेवढ्यात आयसी आपलं शून्य ठरवतो.