"तू फोन काढून घेतला असतास": मुलांना बंदी हवी की बोलण्याची मुभा?

धागा मांडणारी (सहावीतल्या मुलीची आई)

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. तेव्हापासून आमच्या पालकसभेत, सरकारी नियम होईल तेव्हा होवो, शाळेने तरी आपल्यापुरती अशी बंदी घालावी, अशी मागणी होत आहे. माझा तिला विरोध आहे.

दिवाळीच्या सुटीत माझी मुलगी माझ्या फोनवर एक खेळ खेळत असे. त्यात सोबत खेळणाऱ्यांशी बोलता येते. 'मीही सहावीतच आहे' असे सांगणाऱ्या कुणीतरी तिला आधी खेळातली नाणी दिली, मग शाळा कोणती ते विचारले आणि चौथ्या दिवशी गणवेशातला फोटो मागितला. तिने शाळेचे नाव सांगितले नव्हते, पण फोटो पाठवला, आणि गणवेशाच्या खिशावर ते नाव शिवलेले आहे. त्यानंतर जे मागितले गेले त्याने ती घाबरली. तरीही मला सांगायला तिला आणखी नऊ दिवस लागले. इतके दिवस गप्प का राहिलीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, "तू फोन काढून घेतला असतास."

त्या अनोळखी माणसापेक्षा तिला माझी भीती अधिक वाटली, हे मला अजूनही सहन होत नाही. बंदी आली की ही भीती वाढेल आणि मुले लपवायला शिकतील. त्यापेक्षा शाळेने आणि पालकांनी मिळून मुलांना एक शब्द द्यावा: जे घडले ते सांगितलेस तर तुला शिक्षा होणार नाही, फोनही काढून घेतला जाणार नाही आणि गोष्ट आपल्यातच राहील.

प्रतिसाद (दोन मुलांचे वडील)

ताई, वाचून जीव कळवळला. पण याच प्रसंगामुळे मला बंदी आवश्यक वाटते. चार दिवसांत मुलीचा विश्वास मिळवणारा माणूस या कामात मुरलेला असतो. त्याचा डाव अकरा वर्षांच्या मुलीने ओळखावा, ही अपेक्षाच तिच्यावर अन्याय करणारी आहे. कारच्या किल्ल्या आपण मुलांना अठरा वर्षांपर्यंत देत नाही, आणि त्याला कुणी अविश्वास म्हणत नाही.

शिवाय ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात मुलाला किंवा पालकाला शिक्षाच नाही. खाती रोखण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे आणि दंड कमाल ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत होऊ शकतो. 'वर्गात सगळ्यांकडे आहे' या हट्टापुढे एकटे घर टिकत नाही. नियम सर्वांना सारखा असला की टिकते.

प्रतिसाद (माध्यमिक शाळेतील शिक्षिका)

बंदीची मागणी करणाऱ्या शाळांनी आधी स्वतःकडे पाहावे, असे मी शिक्षिका असूनच म्हणते. व्हॉट्सॲप वापरण्यासाठी किमान वय तेरा वर्षे आहे, आणि आम्ही पाचवी-सहावीचा गृहपाठ त्यावरच पाठवतो. मग मूल रात्री नऊ वाजता आईचा फोन मागते, त्यात नवल काय? बक्षीस समारंभाचे फोटो मुलांची नावे आणि इयत्ता लिहून सर्वांना दिसतील असे टाकणाऱ्या शाळाही मी पाहिल्या आहेत. गणवेशाच्या खिशावरून त्या माणसाला जे कळले, ते आपण न मागता पुरवत असतो.

मात्र ताईंच्या सूचनेत एक धोका आहे. गोष्ट आपल्यातच राहील, असा शब्द शिक्षकाला देता येत नाही. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार, मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचे कळले किंवा होण्याची शक्यता वाटली, तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि आपल्या हाताखालच्या व्यक्तीने केलेला असा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. प्रत्यक्षात बदनामीच्या धाकाने 'घरीच मिटवा' असा सल्ला दिला जातो, याची मला मनापासून चीड येते. तेव्हा मुलाला खरे तेच सांगावे: तुला शिक्षा होणार नाही, पण मी हे ज्यांना कळवायला हवे त्यांना कळवणार, आणि तेव्हा तुझ्यासोबत असणार.

प्रतिसाद (सांगलीचे एक वाचक)

आमच्या जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याची प्रथा सुरू झाली. ती सगळ्या गावासाठी होती, फक्त मुलांसाठी नव्हे. आईबापांनी आपला फोन आधी खाली ठेवावा, मग बंदीची भाषा करावी.

धागा मांडणारी

बाईंची दुरुस्ती मला पूर्णपणे मान्य आहे. 'आपल्यातच राहील' हे शब्द मी मागे घेते. दादांचा कंपन्यांवरील जबाबदारीचा मुद्दाही पटतो. पण ऑनलाइन खेळ आणि व्हॉट्सॲप त्या बंदीबाहेर आहेत, आणि माझ्या मुलीला गाठले ते खेळातच. म्हणजे तो कायदा इथे असता तरी त्या नऊ दिवसांत काहीच बदलले नसते.

माझी एक चूक मात्र इतर पालकांनी करू नये. संतापाच्या भरात मी ते सारे संभाषण पुसून टाकले. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायला बसले, तेव्हा त्या माणसाचे खेळातले नावसुद्धा मला आठवेना. ते मुलीने सांगितले. आधी स्क्रीनशॉट घ्या, मगच त्या व्यक्तीला ब्लॉक करा. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे; तो क्रमांक आता तिच्या दैनंदिनीच्या पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिलेला आहे.

प्रतिसाद (दोन मुलांचे वडील)

खेळांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तरीही बंदीची मागणी मी सोडणार नाही. तिच्यात खेळांतील संवादही आणावा, असेच पुढच्या पालकसभेत मांडेन. गृहपाठ व्हॉट्सॲपऐवजी वहीत लिहून द्यावा, हा ठराव मात्र ताई, तुम्ही मांडा. त्याला अनुमोदन माझे.