सॉरॉन दिसत नाही म्हणून तो पुठ्ठ्याचा?

कोपऱ्यातला वाचक (धागाकर्ता)

परवा इथे एक पोस्ट फिरली, 'टॉल्किनची आवडती पुस्तकं आणि त्याचे फसलेले खलनायक'. थोडक्यात म्हणणं असं की हा ऑक्सफर्डचा मास्तर जन्मभर जुन्या आइसलँडी-फिनिश पोथ्यांत डोकं खुपसून बसला, त्यामुळे त्याला नकाशे जमले, भाषा जमल्या, खलनायक मात्र जमला नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला मुख्य खलनायक सॉरॉन हजार पानांत एकदाही समोर येत नाही, त्याला दुखणं नाही, तो असा का झाला ते कळत नाही, सबब पुठ्ठ्याचा. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा.

आवडत्या पुस्तकांची यादी नुसती डकवून भागत नाही हो, त्यातलं एखादं उघडायचं पण असतं. अँड्र्यू लँगच्या लाल परीकथांच्या पुस्तकात सिगुर्ड आणि फाफ्निरची गोष्ट आहे, ही टॉल्किनची लहानपणची फार लाडकी. त्यातला फाफ्निर जन्माने ड्रॅगन नाहीये. सोन्यासाठी बापाला मारतो, त्या सोन्यावर जाऊन पडतो आणि तसाच ड्रॅगन होऊन राहतो. आता 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला गोलम बघा. वाढदिवसाच्या दिवशी नदीत सापडलेल्या सॉरॉनच्या अंगठीसाठी स्वतःच्या सोबत्याचा गळा दाबतो आणि पुढची जवळपास पाचशे वर्षं ती कवटाळून डोंगराच्या पोटात कच्चे मासे खात काढतो. म्हंजे 'तो असा का झाला' हे टॉल्किन सांगतोच की, फक्त तुम्ही ज्याच्याबद्दल विचारताय त्याच्याबद्दल नाही सांगत.

बरं हा गोलमही आधी असा नव्हता. १९३७ च्या पहिल्या 'हॉबिट'मध्ये, म्हणजे या कथेच्या आधीच्या पुस्तकात, तो कोड्यांच्या पैजेत अंगठीच पणाला लावतो, हरतो, ती सापडत नाही तेव्हा माफी मागतो आणि त्यातला नायक बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. पुढच्या मोठ्या पुस्तकात असला सभ्य गोलम बसेना, मग १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं आणि जुनी हकिकत ही बिल्बोची थाप होती असं ठरवून टाकलं. खलनायकात रस नसलेला माणूस एवढ्या उचापती कशाला करेल?

आणि तो भाविक वाचक होता हे तर कै च्या कै. चिडका होता. 'मॅकबेथ'मध्ये जंगल चालून येणार म्हणतात आणि शेवटी सैनिक फांद्या धरून येतात, या फसवणुकीचा शाळेपासूनचा राग त्याने कवी ऑडनला पत्रात लिहिलाय, त्याचे वृक्षरूपी एंट त्याच रागातून आले, खरीखुरी झाडं चालून जातात. 'ड्यून' ही विज्ञानकादंबरी त्याला मनापासून नावडली. विज्ञानकथाकार आसिमोव्ह आवडायचा. यादीत हे का नाही?

राहता राहिला सॉरॉन. त्याच्या देहाबद्दल पुस्तकात आपल्याला ठोस काय कळतं, तर गोलम सांगतो की त्या काळ्या हाताला चारच बोटं आहेत, पण तेवढी पुरतात. बास. हे सांगणारा त्याच्या छळछावणीतून आलेला आहे. मला याच्यापुढे कुठलंही दुःखी बालपण नको.

शमी

गोलमबद्दल +१. सॉरॉनबद्दल साफ असहमत. न दिसणारा खलनायक ही लेखकाची सोय असते, वाचकाने घाबरून घ्यायचं आणि लेखकाने काही लिहायचं नाही. उर्सुला ल ग्विनचं अर्थसी वाचा, १९६८ चं आहे. तिथे खलनायक म्हणजे नायक गेडने स्वतःच्या मिजाशीपायी मोकळी सोडलेली सावली, आणि ती सुरुवातीपासून त्याच्या मागावर आहे. तिलाही चेहरा नाही, पण ती 'कुठेतरी पूर्वेला' बसून राहत नाही.

बंड्या नाशिककर

मी पिक्चरच पाहिलेत. त्यात मनोऱ्यावर मोठ्ठा पेटलेला डोळा होता की. दिसत नाही काय म्हणता?

कोपऱ्यातला वाचक

@बंड्या तो डोळा म्हणजे दिग्दर्शक जॅक्सनने लावलेला सर्चलाइट. आणि त्याच पिक्चरमध्ये सारुमान या दुसऱ्या खलनायकाचा खरा शेवट गाळलाय. पुस्तकात तो सगळं गमावल्यावर शायरमध्ये, म्हणजे हॉबिटांच्या मुलखात, येऊन झाडं तोडतो, गिरण्या लावतो, शेवटी बॅग एंड या बिल्बोच्या जुन्या घराच्या दारात त्याचाच चाकर त्याचा गळा चिरतो. एवढा हलकट, क्षुद्र, ओळखीचा खलनायक अख्ख्या फँटसीत दाखवा मला. आमच्या वॉर्डात असले दोन आहेत.

@शमी ल ग्विनबाईंना टॉल्किनबद्दल केवढा आदर होता ते पण लिहा मग. नायक फ्रोडो आणि गोलम एकाच माणसाच्या दोन बाजू आहेत असं त्यांनीच मांडलंय.

खडूस मास्तर

तुम्ही गोलम-गोलम करत बसा. टॉल्किनचा खरा गुन्हा ऑर्क, सॉरॉनचे सैनिक. हेल्म्स डीपच्या लढाईत फ्रोडोच्या बाजूच्या लेगोलस आणि गिम्लीची पैज लागते, कोण जास्त मारतो. एक्केचाळीस आणि बेचाळीस. गिम्ली जिंकला, टाळ्या. एक अख्खी जमात मोजून मारायची आणि ते विनोदी. जन्मानेच वाईट असलेली जमात ज्याच्या डोक्यातून निघते त्याच्या खलनायकांचं कौतुक मला सांगू नका.

कोपऱ्यातला वाचक

जन्मानेच वाईट असं पुस्तकात कुठे आहे? एल्फ या अमर जमातीचा सरदार एलरॉन्ड तर स्पष्ट म्हणतो की सुरुवातीला कोणीच वाईट नसतं, सॉरॉनसुद्धा नव्हता. ऑर्क नक्की आले कुठून हा प्रश्न टॉल्किनला शेवटपर्यंत छळत होता, उत्तरं बदलत राहिला. आणि शाग्रत-गोर्बाग हे दोन ऑर्क किल्ल्याच्या वाटेवर गप्पा मारतात तो भाग आठवा, लढाई संपली की चार भरवशाची पोरं घेऊन कुठेतरी सटकू, लूट जवळच असेल, डोक्यावर मोठे साहेब नसतील. सेकंड शिफ्ट सुटल्यावर आमच्या कंपनीच्या गेटवर हेच बोलणं चालायचं. आणि फ्रोडोच्या सोबत्याला, सॅमला, पायाशी पडलेला शत्रूचा सैनिक दिसतो तेव्हा तो विचारच करतो की हा खरंच मनाने वाईट होता का, का कोणी खोटं सांगून, धाक घालून घरापासून एवढ्या लांब आणला.

खडूस मास्तर

तो सैनिक माणूस होता म्हणून सॅमला दया आली. ऑर्कच्या मढ्याकडे बघून असं कोणाला वाटलं ते पान सांगा. नाही सांगता येणार. 'रिंग्ज ऑफ पॉवर' मालिकेत २०२४ मध्ये ऑर्कचं बाळ दाखवलं तर तुमच्यासारखेच फॅन रडून मोकळे झाले.

दुर्बीण

मास्तरांशी सहमत, पण इंग्रजांकडे बोट कशाला, घरचं बघा ना. खांडववन. कृष्णार्जुनांनी जंगल पेटवलं आणि बाहेर पडणारा जीव अन् जीव परत आत ढकलला. इरावतीबाईंनी 'युगान्त'मध्ये त्या क्रौर्यावर केवढं लिहिलंय. वाचले कोण, तर मयासुर, चार पक्षी आणि तक्षक नागाचा पोरगा अश्वसेन. तोच अश्वसेन पुढे कर्णाच्या बाणावर जाऊन बसतो अर्जुनाचा जीव घ्यायला. आपल्या ऑर्कला निदान नाव आहे, आई मेल्याचा सूड आहे. आणि तो दुसऱ्यांदा 'मला परत सोड' म्हणतो तेव्हा कर्ण नाही म्हणतो. टॉल्किनकडे आहे का असा एक प्रसंग?

रावसाहेब

कर्णाचं नाव निघालं म्हणून लिहितो. 'मृत्युंजय' वाचलेल्या माणसाला खलनायक म्हणजे काय हे सॉरॉनकडून शिकायची गरज नाही. आमचे वडील एसटीत कंडक्टर होते, मुक्कामी गाडी असली की डेपोत बल्बखाली तेच पुस्तक, पुठ्ठा निघाला तर खाकी कागदाने बांधलेलं. धाकट्या भावाचं नाव त्यातूनच ठेवलं.

दुर्बीण

रावसाहेब, भावना पोचल्या, पण तो सावंतांचा कर्ण आहे. कादंबरीत निम्मी कहाणी तो स्वतःच सांगतो, स्वतःबद्दल कोण वाईट सांगेल? सभापर्व काढा. द्रौपदीला बंधकी, म्हणजे वेश्या, म्हणणारा कोण? पांडवांची आणि तिची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगणारा कोण? 'मृत्युंजय' आणि 'युगान्त' दोन्ही १९६७ ची, आणि आपण लाडाकोडात उचललं ते पहिलंच. मराठी वाचकाला त्या पुस्तकाने कायमची सवय लावली, खलनायक दिसला की आधी त्याची जखम दाखवा. मूळ पोस्टवाल्याचा आजार तोच आहे.

रावसाहेब

आजार?? मॅडम, तुम्हाला वाचायला घरात चार कपाटं असतील. मी होस्टेलला होतो तेव्हा माझ्या आडनावावरून मेसमध्ये काय काय ऐकलंय ते इथे लिहिणार नाही. भर स्वयंवरात 'सूतपुत्राला वरणार नाही' म्हणतात ते वाचताना तुमच्या मनात पाठभेद येतात, आमच्या मनात ते ताट सरकवून उठलेली पोरं येतात. तो पोथीत कसा आहे ते पोथीवाल्यांनी बघावं. आम्हाला तो लागला तेव्हा मिळाला.

शमी

रावसाहेब +१००. दुर्बीण, 'आजार' शब्द मागे घ्या.

दुर्बीण

'आजार' शब्द मागे. 'सवय' ठेवते. मेसमधल्या त्या पोरांची बाजू मी घेत नाहीये हे सांगायला लागू नये. पण सभेत एका बाईला जे बोललं गेलं ते कोणाच्या जखमेने धुऊन निघत नाही, हे मी पण पुस्तकातून नाही शिकलेले.

मुळ्येकाका

वाद मोठा रंगलाय, पण अवांतर: टॉल्किनची तेंग्वार लिपी कोणी पाहिली आहे का? त-ची रांग, प-ची रांग, क-ची रांग, आणि प्रत्येकीत अघोष, घोष, अनुनासिक असा क्रम लावता येतो. अगदी आपली वर्णमाला. इंग्रजी एबीसीसारखी खिचडी नाही.

बंड्या नाशिककर

झालं. आता सॉरॉन मूळचा पैठणचा निघणार.

मुळ्येकाका

मी फक्त मांडणी सारखी आहे म्हणालो, चोरी म्हणालो नाही. उलट हा माणूस त्या बाबतीत सरळ होता. १९३८ मध्ये जर्मन प्रकाशकाने 'तुम्ही आर्य आहात ना' असं विचारलं, तर त्याने उत्तराच्या मसुद्यात लिहिलंय की आर्य म्हणजे तुम्हाला हिंद-इराणी म्हणायचं असेल तर माझ्या पूर्वजांपैकी कोणी हिंदुस्थानी किंवा फारसी बोलत असल्याचं ऐकिवात नाही, आणि ज्यू का विचारत असाल तर नाही, याचं वाईट वाटतं. मास्तर, ऑर्कवाल्या लेखकाचं हे पण वहीत मांडा.

खडूस मास्तर

मांडलं. माणूस म्हणून दहापैकी दहा. ऑर्कचे मार्क वेगळ्या विषयात आहेत.

कोपऱ्यातला वाचक

कर्णाच्या भांडणात मी पडणार नाही, दोघंही मला जड आहात. पण दुर्बीणताईंचं एक वाक्य पकडतो. टॉल्किनने सॉरॉनला जखम दिली नाही कारण दिली असती तर आपण इथे त्याची वकिली करत बसलो असतो, तिकडे त्याच्या मॉर्डोर राज्यात गुलाम राबले काय नि मेले काय. मालिकेत त्याला देखणा नट दिला आणि बघा, अर्धं इंटरनेट त्याच्या प्रेमात.

पाचवा अंगठा

मूळ पोस्ट माझी आहे, उशिरा पाहिला धागा. पहिल्यांदा, 'फसलेले' म्हणालो होतो, 'टाकाऊ' नाही. दुसरं, सॉरॉनला भूतकाळ नाही असं नाही, तो सुंदर रूप घेऊन, भेटवस्तू देणारा म्हणून एल्फांना फसवतो हे मला माहितीये, सिल्मरिलियन वाचलंय. पण ते छापलं १९७७ ला, लेखक १९७३ ला गेला. ज्या खलनायकाचं कारण कळायला वाचकाला लेखक मरायची वाट बघावी लागते तो मूळ पुस्तकात फसलेलाच म्हणायचा.

कोपऱ्यातला वाचक

वाट कशाला बघायची? १९५५ च्या तिसऱ्या खंडातच आहे. परिशिष्ट ब, दुसरं युग, साधारण बाराशे सालाची नोंद: सॉरॉन एल्फांना भुलवायला बघतो आणि एरेगियनचे एल्फ कारागीर गळाला लागतात. पुढे सोळाशेच्या आसपास तो ती अंगठी घडवतो.

पाचवा अंगठा

परिशिष्ट? सनावळी? खलनायकाचा अख्खा घात दोन ओळींच्या सनावळीत?

कोपऱ्यातला वाचक

हो.

पाचवा अंगठा

मग प्रश्नच मिटला. लेखक थोर, खलनायक थोर, फक्त तो बघायला रेल्वेचं टाइमटेबल वाचता आलं पाहिजे. गोलम तेवढा खरंच चांगला जमलाय, हे मी पोस्टमध्ये शेवटून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, ती कोणी वाचलेली दिसत नाही.