‘एलियन’च्या कादंबऱ्या कुठल्या क्रमाने वाचाव्यात?

प्रश्न: ‘एलियन’ आणि ‘एलियन्स’ हे चित्रपट पाहून झालेत. २०१४ मधल्या तीन कादंबऱ्यांपैकी आधी कुठली घ्यावी?

उत्तर १: टिम लेबनची ‘आउट ऑफ द शॅडोज’. दोन चित्रपटांच्या मधल्या काळात नायिका रिप्ली ५७ वर्षं शीतनिद्रेत असते; त्यातल्या ३७व्या वर्षी तिला जाग येते, तिथून एका खाणीवरची ही कथा सुरू. मग ‘एलियन्स’मध्ये तिला यातलं काहीच का आठवत नाही? तिची स्मृती पुसली जाते म्हणून. ही पळवाट खटकतेच, पण खाणीतले प्रसंग जबरदस्त आहेत. ‘सी ऑफ सॉरोज’ काही शतकं पुढची, त्याच खाणीवर परतणारी. ती नंतरच वाचा. ‘रिव्हर ऑफ पेन’ ‘एलियन्स’मधल्या छोट्या न्यूटच्या वसाहतीची आहे, सुटी वाचली तरी चालते.

उत्तर २: त्याआधी ॲलन डीन फॉस्टरची १९७९ची ‘एलियन’ ही पहिल्या चित्रपटावरची कादंबरी वाचाच. एलियनच्या कोशात अडकलेला कप्तान डॅलस रिप्लीला सापडतो, तो प्रसंग या कादंबरीत आहे. मूळ चित्रपटातून तो कापला होता. चित्रपटाच्या २००३च्या आवृत्तीत परत आला.

उत्तर ३: ‘आउट ऑफ द शॅडोज’ ऐकणार असाल तर लक्षात ठेवा, २०१६चं ऑडिओ म्हणजे नाट्यरूपांतर आहे, पूर्ण पुस्तक नव्हे. यंत्रमानव ॲशचा आवाज मात्र रुटगर हाउअरचा!